‘भराभर’ म्हणजे किती? : कर्कपेशींच्या विभाजनाचे मोजमाप

एका माध्यमिक शाळेतील विज्ञानाच्या शिक्षिकेने आम्हांला सांगितलेला हा प्रसंग आहे. पेशीविभाजनाचा पाठ संपत आला होता. फळ्यावर पूर्वावस्था, मध्यावस्था, पश्चावस्था आणि अंत्यावस्था अशी चार चित्रे काढलेली होती. शेवटी बाईंनी दरवर्षीप्रमाणे एक वाक्य सांगितले : ‘कर्करोगात पेशी भराभर विभागत जातात आणि त्यांची गाठ होते.’ तास संपल्यावर मागच्या बाकावरची एक मुलगी टेबलाजवळ आली आणि हळूच म्हणाली, ‘‘बाई, पेशी एका दिवसात दोन होतात ना? मग माझ्या आईची गाठ रोज दुप्पट होत असेल का?’’

बाईंना त्या क्षणी उत्तर सुचले नाही. ‘‘डॉक्टर औषध देतायत ना, होईल बरं,’’ असे म्हणून त्यांनी मुलीला घरी पाठवले. पण तो प्रश्न त्यांच्या मनातून गेला नाही. आमच्याशी बोलताना त्या म्हणाल्या, ‘‘पंधरा वर्षे मी हे वाक्य सांगते आहे. भराभर म्हणजे किती, हे मी कधी विचारलेच नाही.’’

आम्हीही विचारले नव्हते. म्हणून या लेखात त्या एका वाक्याची आणि फळ्यावरच्या त्या चार चित्रांची परीक्षा करायचे आम्ही ठरवले. पाठ्यपुस्तकाला नावे ठेवणे हा हेतू नाही. पाठ्यपुस्तकाला चार ओळींत सारे सांगायचे असते. पण त्या चार ओळींमागे मोजमाप काय आहे, ते कसे केले गेले आणि त्यात कुठे चूक होऊ शकते, हे शिक्षकाला ठाऊक असायला हवे. विशेषतः ज्या वर्गात एखाद्या मुलीची आई आजारी आहे, त्या वर्गात.

आधी साधा हिशेब

मुलीचा प्रश्न गणिताचा आहे, तेव्हा गणितानेच सुरुवात करू. ढोबळमानाने एक घन सेंटिमीटर गाठीत १०० कोटी पेशी असतात असे धरतात. एका पेशीपासून सुरुवात केली आणि रोज दुप्पट होत गेली, तर दहा दिवसांत १,०२४ पेशी होतील, वीस दिवसांत सुमारे साडेदहा लाख आणि तीस दिवसांत १०७ कोटी. म्हणजे महिनाभरात वाटाण्याहून थोडी मोठी, एक ग्रॅमची गाठ. पुढच्या दहा दिवसांत ती एक किलोची होईल. त्यानंतर आणखी सहा दिवसांनी, म्हणजे शेहेचाळिसाव्या दिवशी, ती ६४ किलोची होईल!

असे कुठेही घडत नाही. शरीरातील बहुतेक घन गाठींचे आकारमान दुप्पट व्हायला आठवडे किंवा महिने लागतात. दोन-तीन महिने हा आकडा अनेक प्रकारांत आढळतो. काही गाठी वर्षानुवर्षे जवळजवळ तेवढ्याच राहतात. उलट बर्किटचा लसिकार्बुद नावाचा एक कर्करोग मात्र काही दिवसांतच दुप्पट होतो. तेव्हा ‘कर्करोग’ या एका शब्दाखाली इतक्या वेगवेगळ्या वेगांच्या गोष्टी येतात की त्या सगळ्यांना ‘भराभर’ हे एकच विशेषण लावणे म्हणजे बैलगाडी, एस.टी. आणि विमान यांना ‘वाहन जोरात जाते’ असे म्हणण्यासारखे आहे.

आता दुसरी बाजू पाहू. निरोगी शरीरात विभाजन किती वेगाने चालते? आपल्या अस्थिमज्जेतून दर सेकंदाला सुमारे २० लाख तांबड्या पेशी तयार होऊन रक्तात येतात. लहान आतड्याचे अस्तर चार-पाच दिवसांत नवे होते. केसांच्या मुळांशी असलेल्या पेशी सतत विभागत असतात. पण मज्जेची गाठ होत नाही, आतडे फुगत नाही. कारण जितक्या पेशी जन्मतात, जवळजवळ तितक्याच गळून पडतात किंवा मरतात. जमाखर्च जुळलेला असतो.

म्हणजे कर्कपेशीचे वैशिष्ट्य वेगात नाही. आपल्या शरीरातील कित्येक निरोगी पेशी अनेक कर्कपेशींहून अधिक वेगाने विभागतात. वैशिष्ट्य आहे ते हिशेब बिघडण्यात : जिथे थांबायचे तिथे न थांबण्यात, जेव्हा मरायचे तेव्हा न मरण्यात. फळ्यावरच्या वाक्यातला पहिला दोष हा आहे.

हा जमाखर्च आकड्यांत मांडण्याचे श्रेय गॉर्डन स्टील या ब्रिटिश संशोधकाकडे जाते. १९६७ साली त्यांनी दाखवले की माणसाच्या गाठींत नव्या पेशी ज्या वेगाने जन्मतात त्या मानाने गाठ फारच हळू वाढते, कारण जन्मलेल्या पेशींपैकी बऱ्याच नाहीशा होतात. समजा, जन्माच्या वेगावरून गाठ ६ दिवसांत दुप्पट व्हायला हवी, पण प्रत्यक्षात तिला ६० दिवस लागतात. याचा अर्थ दर दहा नव्या पेशींमागे नऊ नाहीशा होत आहेत. शिवाय गाठीतील सर्वच पेशी विभाजनात भाग घेत नाहीत. कित्येक स्वस्थ बसून असतात. शाळेच्या पटासारखेच हे आहे. या वर्षी शंभर नवे प्रवेश झाले म्हणजे पट शंभराने वाढला असे नाही. दाखला काढून किती गेले तेही पाहावे लागते.

थांबलेल्या चित्रावरून वेग

आता दुसरा प्रश्न : पेशींचा हा जन्मदर मोजतात कसा? इथे फळ्यावरची चार चित्रे महत्त्वाची ठरतात.

ही चित्रे आपल्याला वॉल्टर फ्लेमिंग या जर्मन शास्त्रज्ञाकडून मिळाली. सॅलॅमँडर या बेडकाच्या जातकुळीतील प्राण्याच्या डिंभांमध्ये मोठाल्या, पारदर्शक पेशी असतात. त्यांचा अभ्यास करून फ्लेमिंगने १८८२ साली आपला प्रसिद्ध ग्रंथ लिहिला. त्याने रंगवलेल्या, म्हणजे मेलेल्या पेशी पाहिल्याच, पण जिवंत पेशींमध्येही विभाजन प्रत्यक्ष घडताना पाहिले आणि दोन्ही ताडून अवस्थांचा क्रम लावला. त्याच्या कामातला हा दुसरा भाग आपण विसरलो. आपल्या हाती उरली ती रंगवलेली, थिजलेली चित्रे.

अकरावी-बारावीच्या प्रयोगात कांद्याच्या मुळाचे टोक घेऊन, ते रंगवून, काचपट्टीवर दाबून आपण हेच पाहतो. कितीतरी शिक्षक त्यापुढे जाऊन विद्यार्थ्यांना मोजायला सांगतात : शंभर पेशींत किती पेशी विभागताना दिसतात? या प्रमाणाला विभाजनांक म्हणतात. रुग्णालयातील विकृतितज्ज्ञ गाठीच्या तुकड्यात सूक्ष्मदर्शकाखाली हाच अंक वेगळ्या रीतीने काढतात. स्तनाच्या कर्करोगाची प्रत ठरवताना विभागणाऱ्या पेशींची मोजदाद हा तीन निकषांपैकी एक असतो.

ही मोजदाद उपयोगी आहे, याबद्दल शंका नको. ज्या गाठीत विभागणाऱ्या पेशी जास्त दिसतात, ती गाठ पुष्कळदा अधिक आक्रमक निघते, हे अनुभवाने सिद्ध झालेले आहे. पण हा अंक म्हणजे वेग नव्हे. आमचा आक्षेप आहे तो नेमका इथे.

समजा, एस.टी. स्थानकावरच्या आरक्षणाच्या दोन खिडक्यांचे आपण एक-एक छायाचित्र घेतले. पहिल्या खिडकीपुढे पाच माणसे उभी आहेत, दुसऱ्या खिडकीपुढे वीस. कोणत्या खिडकीवरून जास्त तिकिटे जातात? छायाचित्रावरून सांगता येणार नाही. दुसऱ्या खिडकीवर गर्दी जास्त असेल, हे एक कारण. पण तिथला कारकून हळू काम करत असेल, तरीही रांग लांबच दिसेल. रांगेची लांबी दोन गोष्टींवर अवलंबून असते : माणसे किती वेगाने येतात, आणि प्रत्येकाला किती वेळ लागतो.

विभाजनांकाचेही असेच आहे. एक पेशी दर २० तासांनी विभागते आणि प्रत्यक्ष विभाजनाला तिला एक तास लागतो, असे धरा. शंभर पेशींत सुमारे पाच पेशी विभागताना दिसाव्यात. (काटेकोर हिशेब केला तर साडेतीनच दिसतील. कारण प्रत्येक विभाजनातून दोन ‘लहान’ पेशी निघतात, त्यामुळे वाढत्या समूहात नुकत्याच जन्मलेल्या पेशी जास्त आणि विभाजनाला आलेल्या पेशी कमी असतात. आपल्या देशाच्या जुन्या जनगणनांत मुले जास्त आणि वृद्ध कमी दिसत, तसेच.) आता दुसरी पेशी ४० तासांनी विभागते, पण अडखळत अडखळत, तिला विभाजनाला तीन तास लागतात. तिचा विभाजनांक पहिलीहून जास्त येईल! आपण म्हणू, दुसरी ‘भराभर’ विभागते. प्रत्यक्षात ती निम्म्या वेगाने विभागते आहे.

हे काल्पनिक उदाहरण नाही. विभाजनाच्या वेळी प्रत्येक गुणसूत्र दोन्ही बाजूंच्या तर्कूतंतूंना नीट जोडले गेले आहे की नाही, याची तपासणी पेशी करते आणि एखादे जरी लोंबकळत असले तरी थांबून राहते. कर्कपेशींमध्ये गुणसूत्रे बहुधा कमीजास्त आणि विस्कटलेली असतात. त्यामुळे अनेक कर्कपेशी या नाक्यावर जास्त वेळ अडकतात. म्हणजे काचपट्टीवर दिसणारी गर्दी काही अंशी तरी वेगाची नव्हे, खोळंब्याची असते.

टोकाचे उदाहरण हवे असेल तर कळलावीचे घ्या. कोकणात आणि सह्याद्रीत पावसाळ्यात फुलणाऱ्या या वेलीच्या कंदात आणि बियांत कोल्चिसिन नावाचे विष असते. कोल्चिसिन तर्कूतंतू बनूच देत नाही. त्यात ठेवलेल्या मुळाच्या पेशी विभाजनात शिरतात पण बाहेर पडत नाहीत. काही तासांत विभाजनांक कितीतरी वाढतो आणि त्याच वेळी पेशींचे विभाजन पूर्ण बंद झालेले असते. अंक सर्वांत जास्त, वेग शून्य! (हा प्रयोग शाळेत करू नये, कोल्चिसिन माणसालाही घातक आहे.)

१९५३ साली लंडनमध्ये अल्मा हॉवर्ड आणि स्टीफन पेल्क यांनी या अडचणीतून एक वाट काढली. घेवड्याच्या वर्गातील बाकला या झाडाच्या मुळांना त्यांनी किरणोत्सारी फॉस्फरस दिला आणि नवा डीएनए कोणत्या पेशींत बनतो ते छायाचित्रणाच्या पटलावर टिपले. डीएनए विभाजनाच्या वेळी बनत नाही, तर त्याआधीच्या एका ठरावीक काळात बनतो, असे आढळले. पूर्वी जिला ‘विश्रांतीची अवस्था’ म्हणत, तिचे जी-१, एस आणि जी-२ असे तीन भाग झाले. पुढे किरणोत्सारी थायमिडिन वापरून प्रत्येक भागाचा कालावधीही काढता येऊ लागला. ही मोठीच झेप होती. पण इथेही पेशी मारून, रंगवून, मोजूनच उत्तर मिळत होते. एका पेशीचे काय झाले ते कळत नव्हते. कळत होती ती हजारो मेलेल्या पेशींची सरासरी.

जिवंत पेशीपुढे बसून

मग जिवंत पेशीच का पाहू नये? इच्छा जुनीच होती. १९२०च्या दशकात लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयातील डॉ. रोनाल्ड कँटी यांनी सूक्ष्मदर्शकाला चलच्चित्राचा कॅमेरा जोडला. ठरावीक अंतराने एकेक चित्र घ्यायचे आणि नंतर ते जलद फिरवायचे, ही त्यांची पद्धत. तासन्‌तास चालणारी क्रिया पडद्यावर मिनिटांत दिसू लागली. मुख्य अडचण होती ती जिवंत पेशी काचेसारखी पारदर्शक असण्याची. नेदरलँड्सच्या फ्रिट्स झेर्निके यांच्या कला-विरोध सूक्ष्मदर्शकाने रंग न लावताही गुणसूत्रे दिसू लागली. त्यासाठी त्यांना १९५३चे नोबेल पारितोषिक मिळाले.

दुसरी मोठी पायरी १९९८ची. एका जेलीफिशमध्ये हिरवे चमकणारे प्रथिन असते. कॅलिफोर्नियातील कांडा, सुलिव्हन आणि वाल या संशोधकांनी त्या प्रथिनाचे जनुक गुणसूत्रांवरच्या एका प्रथिनाच्या जनुकाला जोडले आणि ते माणसाच्या कर्कपेशींत घातले. आता जिवंत पेशीतील गुणसूत्रे स्वतःच उजळू लागली. जेलीफिशच्या त्या प्रथिनावरील कामासाठी शिमोमुरा, चाल्फी आणि त्सिएन यांना २००८चे नोबेल मिळाले. त्याच वर्षी जपानमधील मियावाकी यांच्या गटाने आणखी एक युक्ती प्रसिद्ध केली : डीएनए बनण्यापूर्वी पेशीचे केंद्रक लाल दिसते आणि बनू लागल्यावर हिरवे. रस्त्यावरच्या दिव्यांप्रमाणे रंगावरून कळते, पेशी कुठवर आली आहे.

आता रांगेचे एक छायाचित्र नव्हे, तर सबंध दिवसाचे चित्रीकरण हाती आले. प्रत्येक माणूस कधी आला, किती वेळ उभा राहिला, तिकीट घेऊन गेला की कंटाळून परतला, हे वेगवेगळे मोजता येऊ लागले.

याचा सर्वांत बोलका नमुना आम्हांला वाटतो तो मँचेस्टरच्या गॅस्कॉइन आणि टेलर यांचा २००८चा अभ्यास. त्यांनी १५ वंशांच्या पेशी घेतल्या, त्यांवर विभाजन अडवणारी औषधे घातली आणि दहा हजारांहून अधिक पेशींचा एकेक करून माग ठेवला. जुनी समजूत अशी होती की औषधाने पेशी विभाजनात अडकते आणि फार वेळ अडकली की मरते. प्रत्यक्षात काय दिसले? एकाच थाळीतील, एकाच वंशाच्या पेशी वेगवेगळ्या वागत होत्या. काही अडकलेल्या अवस्थेतच मेल्या. काही न विभागताच सटकून बाहेर पडल्या. त्यांतल्या काही पुढे मेल्या, काही जगल्या. किती वेळ अडकली यावरून कोणती मरेल हे सांगता येत नव्हते. जणू पेशीच्या आत दोन घड्याळे शर्यत लावत होती : एक मृत्यूची यंत्रणा जमवणारे, आणि दुसरे विभाजनात धरून ठेवणारे प्रथिन हळूहळू संपवणारे. जे आधी पोहोचेल त्याप्रमाणे निकाल.

थांबलेल्या चित्रावरून हे कधीच कळले नसते. सरासरीने एकेका पेशीची कहाणी झाकून टाकली असती. शिक्षकांना हे वेगळे सांगायला नको. वर्गाची सरासरी ५५ गुण असली म्हणून वर्गात कुणाला ५५ मिळालेले असतातच असे नाही.

जिवंत मोजमापही निर्दोष नाही

इथवर वाचून कुणी म्हणेल, आता प्रश्न सुटला. जिवंत पेशी पाहा आणि मोजा. समीक्षकाचे काम इथे संपत नाही. या मोजमापातही चार खोड्या आहेत.

पहिली, प्रकाशाची. चमकणारी प्रथिने पाहायला प्रखर प्रकाश टाकावा लागतो आणि त्याने पेशीला इजा होते. फार प्रकाश टाकला तर पेशीचे चक्र मंदावते किंवा थांबते. म्हणजे मोजण्याच्या क्रियेनेच मोजायची गोष्ट बदलते. म्हणून चांगल्या प्रयोगात प्रकाश न टाकलेल्या पेशीही शेजारी वाढवून ताडून पाहतात. असे ताडून पाहिले होते का, हा पहिला प्रश्न विचारावा.

दुसरी, वेळेची, आणि ही फार फसवी आहे. समजा, चित्रीकरण ३० तासांचे आहे. एका विभाजनापासून दुसऱ्या विभाजनापर्यंतचा काळ मोजायचा, तर दोन्ही विभाजने या ३० तासांत यायला हवीत. ज्या पेशीला ४० तास लागतात ती आपल्या यादीत येतच नाही. उरलेल्यांची सरासरी काढली की ती खऱ्याहून कमी येणार. परीक्षेच्या दालनाबाहेर पहिला एकच तास उभे राहावे, जे बाहेर आले त्यांचा वेळ मोजावा आणि ‘पेपरला सरासरी पाऊण तास लागतो’ असे जाहीर करावे, तशीच ही चूक. जी पेशी मुळीच विभागत नाही, ती तर हिशेबातच नसते. इथेही ‘भराभर’कडेच कल झुकतो.

तिसरी, निवडीची. पडद्यावर किंवा पुस्तकाच्या मुखपृष्ठावर येते ती सपाट, मोठी, देखणी पेशी. वेडीवाकडी, चौकटीबाहेर सरकलेली पेशी गाळली जाते. संशोधनात यंत्राने सरसकट मोजणी करून हा दोष कमी करतात. पण वर्गात दाखवल्या जाणाऱ्या चित्रफितींत तो असतोच.

चौथी आणि सर्वांत मोठी, थाळीची. जिवंत कर्कपेशींची जी चित्रे आपण पाहतो त्यांतली कितीतरी हेला या पेशींची असतात. १९५१ साली अमेरिकेत बाल्टिमोर येथे हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय स्त्रीच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतून, तिची संमती न घेता, त्या घेतल्या गेल्या. ती त्याच वर्षी वारली. पेशी आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वाढत आहेत. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातही संशोधकांना पुरवण्यासाठी अशा पेशीवंशांचा संग्रह आहे. हेला पेशी थाळीत साधारण एका दिवसात दुप्पट होतात. त्यांना अन्न भरपूर, जागा मोकळी आणि ऊब कायमची. थाळीत टिकून भराभर वाढणाऱ्या पेशीच आपण पिढ्यान्‌पिढ्या निवडत आलो आहोत. गाठीच्या आत मात्र रक्तपुरवठा अपुरा, प्राणवायू कमी आणि दाटी फार. थाळीतला वेग रुग्णाच्या गाठीला लावणे म्हणजे शर्यतीच्या मैदानावरचा वेग घाटरस्त्याला लावणे. आमच्या मते त्या मुलीला वाटलेल्या ‘रोज दुप्पट’चे मूळ याच थाळीत आहे.

या चुकीची किंमत

मोजमापातील ही गल्लत केवळ पाठ्यपुस्तकापुरती असती, तर आम्ही इतके लिहिले नसते. औषधांच्या शोधालाही तिचा फटका बसला.

आपल्या अंगणातल्या सदाफुलीपासून मिळणारी व्हिन्क्रिस्टिन आणि व्हिन्ब्लास्टिन, किंवा यू वृक्षाच्या सालीत सापडलेले पॅक्लिटॅक्सेल, ही औषधे तर्कूतंतूंवर परिणाम करतात. ती अनेक कर्करोगांवर गुणकारी आहेत. तेव्हा तर्क असा केला गेला : ही विभाजन अडवतात म्हणून चालतात, मग फक्त विभाजनच अडवणारी, बाकी कशालाही धक्का न लावणारी नवी औषधे बनवली तर आणखी चांगली चालतील. विभाजनासाठी लागणारी किनेसिन, ऑरोरा अशी प्रथिने हेरून अशी औषधे बनवली. थाळीत ती उत्तम चालली. रुग्णांच्या घन गाठींवर मात्र बहुतेकांनी निराशा केली. उलट रुग्णांच्या रक्तातील पांढऱ्या पेशी घटल्या, कारण मज्जेतील निरोगी पेशी गाठीतल्या पेशींहून जास्त वेगाने विभागत होत्या!

२०१२ साली अमेरिकेतील टिमोथी मिचिसन यांनी हे कोडे नेमक्या शब्दांत मांडले. गाठीतील पेशी इतक्या सावकाश विभागत असतील की औषध अंगात असेपर्यंत बहुतेकींची पाळीच येत नाही, तर पॅक्लिटॅक्सेल चालते तरी कसे? २०१४ साली विस्कॉन्सिन येथील संशोधकांनी स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्णांना औषध दिल्यावर गाठीत ते किती पोहोचते ते मोजले. थाळीतील प्रयोगांत वापरत त्याहून ते पुष्कळ कमी होते. तेवढ्या मात्रेत पेशी अडकून पडत नाहीत. त्या विभागतात, पण गुणसूत्रे दोनाऐवजी तीन-चार दिशांना ओढली जातात आणि पुढची पिढी मोडकी निघते. म्हणजे औषध खरेच चालत होते, पण आपण समजत होतो त्या रीतीने नव्हे. कोड्याचे सगळे उत्तर अजून मिळालेले नाही. पण प्रश्न योग्य जागी आला, तो जिवंत पेशी आणि जिवंत रुग्ण यांच्यातले मोजमाप केल्यावर.

‘औषधाने केस का गळतात? कारण औषध भराभर विभागणाऱ्या पेशींना मारते,’ असे आपण वर्गात सांगतो. पुढच्या वेळी हे सांगताना जरा थांबावे. केस गळतात हाच पुरावा आहे की निरोगी पेशीही भराभर विभागतात.

वर्गात काय करता येईल?

पाठ्यपुस्तक बदलेपर्यंत थांबण्याची गरज नाही. तीन गोष्टी उद्याच करता येतील.

पहिली : ‘कर्करोगात पेशी भराभर विभागतात’ याऐवजी ‘कर्करोगात पेशी थांबायला हवे तिथे थांबत नाहीत आणि मरायला हवे तेव्हा मरत नाहीत’ असे म्हणावे. वाक्य थोडे लांब आहे, पण खरे आहे.

दुसरी : कांद्याच्या मुळाचा प्रयोग करताना मोजणी झाल्यावर एक प्रश्न विचारावा : ‘मध्यावस्थेतील पेशी पश्चावस्थेहून जास्त दिसल्या. याचा अर्थ काय?’ मध्यावस्थेला जास्त वेळ लागतो, हे उत्तर मुले काढतील. मग पुढचा प्रश्न : ‘ही पेशी किती तासांनी विभागते, हे या काचपट्टीवरून सांगता येईल का?’ येणार नाही, हे त्यांना स्वतःला कळू द्यावे. काय मोजता येत नाही हे कळणे, हाही प्रयोगाचा निष्कर्षच आहे.

तिसरी : जिवंत पेशीची चित्रफीत दाखवली तर तिच्याबद्दल चार प्रश्न विचारावेत. कोणाची पेशी? थाळीत की शरीरात? किती तास पाहिली? जिथे काही घडले नाही त्या पेशी कुठे गेल्या?

आणि त्या मुलीचे काय? बाईंनी आम्हांला विचारले तेव्हा आम्ही म्हटले, तिला खरे तेच सांगा. रोज दुप्पट होत नाही. गाठीतल्या सगळ्याच पेशी विभागत नसतात, आणि जन्मतात त्यांतल्या पुष्कळ मरतात. गाठ किती आणि कशी वाढते ते डॉक्टर तपासण्यांनी मोजत राहतात, आणि प्रत्येक गाठीचे उत्तर वेगळे असते. आई बरी होईल असे वचन आपण देऊ शकत नाही. पण चुकीच्या गुणाकाराची भीती तिच्या मनातून काढून टाकणे आपल्या हातात आहे.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत बाईंनी तिला बोलावून घेतले आणि कागदावर पटाचा हिशेब मांडून दाखवला : आले किती, गेले किती. मुलीने तो कागद घडी करून दप्तरात ठेवला.